मे महिन्यातला मटार

अहो, थापा माराव्यात माणसाने, पण शेतीखात्यात नोकरी करून शेतीच्या मारू नयेत! मी मारली. चहा घ्या आणि ऐका.

मोबाइल नुकते हातात आले होते तेव्हाची गोष्ट. मी नाशिकला शेतीच्या ऑफिसात क्लार्क. गंगापूर रोडवर नवं दुकान निघालं, त्यात काचेच्या झाकणाची ही एवढी मोठी थंड पेटी. झाकण सरकवून बघते तर काय, हिरवागार मटार! मे महिन्यात! खरं सांगते, हात जोडायचेच बाकी होते. पाच पाकिटं उचलली. रविवारीच उसळीचं वाटण, पराठ्याचं सारण करून फ्रीजमध्ये टाकलं. आठवड्याच्या डब्यांची चिंता मिटली.

सोमवारी ऑफिसात डबा उघडला आणि शेजारच्या टेबलावरच्या जोशीबाईंनी हातातला घासच खाली ठेवला.

"मटार? आत्ता?"

पाकिटातला म्हटलं असतं, तर 'शिळं खाता होय?' हे वर्षभर ऐकावं लागलं असतं. तोंडातून निघून गेलं, "भावाच्या शेतातला. नामपूरचा."

नेमके साहेब दारात! त्यांनी एक दाणा उचलून उजेडात धरला. डोळे पाणावले हो त्यांचे!

"या उन्हात? मॅडम, तीस वर्षं झाली नोकरीला, असं पीक नाही पाहिलं."

इथे तरी गप्प बसावं की नाही? पण नाही! "भाऊ रात्रीचं पाणी देतो," मी म्हणाले.

गुरुवारी ऑफिसच्या दारात जीप उभी. "बसा मॅडम, तुमच्या भावाचं शेत बघायला निघालोय. गावातले वीस शेतकरी बोलावलेत." भावाला त्यांनी परस्पर निरोप धाडला होता, तुमचा सत्कार आहे, एवढाच. वाटभर मी देवाकडे एकच मागत होते, टायर पंक्चर होऊ दे. नाही झालं.

बांधावर भाऊ उभा. कडक इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी, चेहरा नुसता फुललेला. मागे वावर. कांदा कधीच काढून झालेला, नुसती ढेकळं.

साहेबांनी चष्मा पुसला. "मटार कुठे आहे?"

वीस माणसं ढेकळांकडे बघायला लागली. भाऊ माझ्याकडे. "ताई, कोणता मटार?"

मागून कुणीतरी हसलं. "काय रे, सायेबले फसाडस का?"

भावाची मान खाली गेली. ते काही मला बघवेना.

"त्याला नका बोलू!" मी ओरडलेच. "मटार दुकानातला आहे! बर्फातला! हिवाळ्यात तोडलेला!"

आता नोकरी जाते म्हणून मी डोळे मिटले. तेवढ्यात एक म्हातारे बाबा पुढे आले.

"हिवाळामा तोडेल आन आजून हिरवा? आमना कांदा ते कांदाचाळमा सडस!"

झालं! सगळे माझ्याभोवती. थंडी किती लागते? टिकतो किती? मी सांगतेय आणि साहेब वहीत टिपून घेतायत!

मग साहेबांनी जीपमधून सत्काराची शाल काढली. लोकरीची. भावाच्या हातात दिली. "घाला तुमच्या बहिणीला." भावाने अगदी प्रेमाने मला गळ्यापर्यंत गुंडाळलं.

"नाशिकपर्यंत काढायची नाही, मॅडम," साहेब म्हणाले. "मटार टिकला उन्हाळ्यात. बघू, तुम्ही किती टिकता!"

काय सांगू! वाटेत सटाणा यायच्या आतच मी वितळले.