चामडी पट्ट्याची मोटारसायकल आणि नागपूरची मी

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पार्किंगच्या पांढऱ्या रेघेवर चाक घालून मी दुसऱ्यांदा नापास झाले, त्या शुक्रवारी माझा नवरा समीर म्हणाला, "चल, डोंगरात जाऊ. तुझा मूड ठीक होईल." तिथे जुन्या मोटारसायकलींचं म्युझियम आहे, हे मात्र साहेबांनी गाडी आमच्या कॅरी गावाबाहेर पडल्यावर सांगितलं! मी धुमसतच बसले. इथे अमेरिकेत गाडी चालवता येत नसेल तर बाई घरात कोंडलेली. आमची नऊ वर्षांची रेवा डान्स क्लासला न्याल का म्हणून दर वेळी मैत्रिणीच्या आईला फोन करायची, ते मला फार लागायचं. तिसरी टेस्ट द्यायचीच नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

ऑक्टोबर २००६. आय-फॉर्टी हायवे धरून पश्चिमेला चार-पाच तास. रंगलेली पानं बघायला या दिवसांत झुंबड असते, तेव्हा मोटेल आधीच बुक करा, नाहीतर वाट्टेल तो दर मोजाल. शाकाहारी असाल तर डबा न्याच. आमच्या दशम्या आणि लसणाची चटणी रेस्ट एरियातच संपली.

सकाळी म्युझियममध्ये शिरलो आणि माझा रुसवा कधी पळाला, कळलंच नाही. सुरुवातीलाच १८८५च्या जर्मन दुचाकीची प्रतिकृती होती. लाकडी सांगाडा, लोखंडी धावा, सीटखाली इंजिन आणि पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना बारकी चाकं.

"आई, इट हॅज ट्रेनिंग व्हील्स!" रेवा खिदळली.

पुढे अमेरिकन गाड्या. सुरुवातीच्या तर चक्क सायकली, मधल्या त्रिकोणात इंजिन बसवलेल्या. चामड्याचा पट्टा मागचं चाक फिरवणार आणि सुरू करायला पेडल मारायची. मी थबकलेच. कॉलेजपासून नोकरीपर्यंत नागपुरात मी पेडलचीच मोपेड पिदडली होती!

मागच्या अंगणात पांढऱ्या दाढीचे एक आजोबा अशीच एक, सुटे भाग जमवून बांधलेली गाडी स्टँडवर लावून पाहुण्यांना सुरू करायला देत होते. समीर पुढे सरसावला. इंजिन जरा खोकलं की हा पठ्ठ्या खूश होऊन पाय थांबवायचा, की ते पुन्हा गप्प. तीनदा तेच झालं.

"अरे बाप्पा, खोकलं म्हणजे सुरू नाही झालं! पाय चालू ठेव ना!"

"मग तूच ट्राय कर, यार," तो घामाघूम होत म्हणाला.

"आई, प्लीज, डोन्ट!" रेवाने माझी बाही धरली.

मी बसले. इंजिन खोकलं, मी पेडल मारतच राहिले आणि ते फटफट करत धडधडून पेटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पेडलची मोपेड चालवलेली आहे, हे समीरने सांगितल्यावर आजोबांनी गाडी स्टँडवरून उतरवली, मला हेल्मेट दिलं, डावीकडचा दांडा दाखवला. तो हळूहळू ओढला की पट्टा ताणला जातो आणि गाडी निघते. निघाली! ते शेजारून चालत होते आणि मी अख्ख्या अंगणाला फेरी मारली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते धुराने नव्हतं. हात तेच होते, मीही तीच होते. मग पार्किंगच्या दोन पांढऱ्या रेघांना मी काय म्हणून घाबरत होते?

बाहेर आल्यावर मी समीरकडे किल्ली मागितली. लर्नर परमिट होतंच, तो शेजारी बसला. पहिल्या वळणावर त्याने दार घट्ट धरलं, नंतर गपगुमान झोपायचं सोंग केलं. कॅरीपर्यंत मीच चालवली.

ही ट्रिप कराच. मोटारसायकलीतलं ओ की ठो कळत नसेल, तरी करा. मला आज त्या गाड्यांची नावंही नीट सांगता येणार नाहीत. तिसरी टेस्ट मात्र मी दिली आणि पास झाले. त्याच आठवड्यात डान्स क्लासच्या वेळी रेवाच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. रेवाला घ्यायला येऊ का, असं त्या विचारत होत्या. रेवा फोन मानेत धरून बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "नो थँक्स, काकू. आई ड्राइव्ह करतेय. तुमच्या रियाला पण आम्हीच घेतो."