मनातलं मोठ्यानं बोलायला लावणारी ताई

दुसऱ्याची फजिती इतक्या शांतपणे बघत बसणारं माणूस, माझी आतेबहीण सोडली, तर अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये सापडायचं नाही. त्या फजितीत सिंहाचा वाटा माझाच असतो, हेही सांगून टाकतो. ताई पिंपळे सौदागरला राहते आणि विद्यार्थी वेबसाइटवरून शिकतात कसे, शिकताना त्यांना काय वाटतं, यावर तिची पीएच.डी. चालू आहे. कधीपासून, ते विचारायचं नाही. पद्धत साधी. पोराला संगणकापुढे बसवायचं, त्याच्या पाठीमागे आपली खुर्ची टाकायची आणि म्हणायचं, "मी इथे नाहीच असं समज. मनात येईल ते मोठ्यानं बोल." आता कडक इस्त्रीची सुती साडी आणि नाकावर घसरलेला चष्मा घेऊन एवढी धिप्पाड बाई वीतभर अंतरावर बसलेली असताना ती नाहीच असं समजणं एखाद्या साधुपुरुषालाच जमावं. पोरं घाम पुसत "छान आहे मॅडम" म्हणतात आणि पुढचं बटण दाबतात. कुणाचं कितीही अडलं तरी मदत मात्र करायची नाही. "मी मध्ये तोंड घातलं की निरीक्षण वाया गेलं," हे तिचं ब्रह्मवाक्य.

घरीदारी सगळीकडे हाच खाक्या. सोसायटीच्या नव्या लिफ्टमध्ये भावजी भलतीच बटणं दाबत वरखाली फिरत राहिले आणि ही शेजारी ढिम्म उभी. मी मोबाइलवर गॅस सिलिंडर बुक करत होतो, तर चहाचे घुटके घेत म्हणाली, "बोल बोल, आता काय वाटतंय?" मी म्हटलं, "ताई, चूल मांडावीशी वाटतेय." तिनं गंभीरपणे मान डोलावली. तिच्या संगतीनं मलाही मोठ्यानं विचार करायची खोड लागली. एकदा स्टाफ मीटिंगमध्ये "झालं, आता हे पुन्हा तेच सांगणार" हे वाक्य माझ्या तोंडून प्राचार्यांच्या तोंडावर निसटलं. त्या दिवसापासून प्राचार्य मला नीट ओळखू लागले.

मी चाकणच्या बाजूला एका डिप्लोमा कॉलेजात शिकवतो. आमची पोरंपोरी कंपनीत ट्रेनी म्हणून शिफ्ट करतात आणि गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, वर्गात येतात. त्यांच्यासाठी मी स्वतःच्या हातानं एक वेबसाइट बनवली होती. धडा वाचायचा, चाचणी द्यायची, उत्तीर्ण व्हायचं. माझा वर्ग ती वापरतच होता; आता कॉलेज ती सगळ्यांना सक्तीची करणार होतं, फक्त कुणा जाणकारानं तपासून द्यायला हवी होती. म्हटलं, जाणकार तर घरातच आहे! तिच्या प्रबंधात माझ्यावर एक अख्खं प्रकरण येईल आणि मागोमाग बढती. मनातले मांडे खायला काय जातं, राव!

एका गुरुवारी ताई आमच्या कॉलेजात आली आणि तिनं परभणीकडची एक मुलगी संगणकापुढे बसवली. निघोज्याला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी, कंपनीत लाइनवर काम करणारी. कौतुक कानावर पडावं म्हणून मी दारातच घुटमळत होतो. आणि काय सांगू, ती पोरगी खरंच बोलायला लागली.

"आता बटण दाबलं... फिरायलंय... फिरायलंय... झालं लाल." पडद्यावर ठसठशीत अक्षरं आली, 'आपले उत्तर अमान्य'. रुबाबदार दिसावं म्हणून तो शब्द मीच निवडला होता. "रोज असंच होतंय. रूमवर बी लालच येतंय. सर एवढे शिकलेले, त्यांचं कसं चुकंल? माझंच डोकं चालंना. ह्या महिन्यात नाव काढून घेते अन् जाते गावाकडं."

मी दारातूनच मान लांब करून पडदा वाचला. तिचं उत्तर बरोबर होतं. नेट अडखळलं होतं, आणि नेट अडखळलं तर काय दाखवायचं, याचा विचारच मी केला नव्हता. माझी साइट सगळ्या अडचणींना एकच शिवी देत होती.

मागची खुर्ची करकरली. ताईनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "अगं वेडे, तुझं उत्तर बरोबर आहे. चुकलंय ते त्या दारातल्या शहाण्याचं." मुलगी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "हो गं, माझंच चुकलंय." तर ती रडायलाच लागली.

साइट अर्थातच सक्तीची झाली नाही. परतताना टपरीवर ताई म्हणाली, "आजचं प्रबंधात घेता येणार नाही. मी मध्ये बोलले."

"अगं, पण तेच तर खरं होतं!"

"खरं होतं म्हणूनच राहवलं नाही रे," असं म्हणून तिनं माझ्या ताटलीतला वडाही संपवला.

ती मुलगी टिकली. आता शेवटच्या वर्षाला आहे आणि वर्गात माझ्याशी हुज्जत घालते. ताईच्या प्रबंधात त्या दिवसाचा एक शब्दही नाही. तेव्हा मी मनातल्या मनात हुश्श केलं होतं. हल्ली मात्र वाटतं, ते छापून यायला हवं होतं, माझ्या नावासकट. त्याआधी कितीतरी पोरी काही न बोलता नाव काढून गावाकडे गेल्या. त्यांच्यापैकी एखादीच्या तरी ते कानावर गेलं असतं की बाई, तुझं काही चुकलं नव्हतं.