काळी दोनमधलं धुकं

जेवून आरामखुर्चीत टेकलो की मला डोळा लागायला दोन मिनिटं पुरतात. आज मेली झोप येता येत नाही. बाराला सुलक्षणाचा फोन येऊन गेलाय. सुलक्षणा म्हणजे आमच्या तेंडोलकर मास्तरांची मुलगी. उद्या मास्तरांच्या स्मरणार्थ कार्यक्रम आहे, त्यांची ‘आंबोलीचं धुकं’ ही रचना नव्या मुलांचा वाद्यवृंद वाजवणार, आणि आज पाचला तालीम.

“दिगूकाका, बाबांच्या वहीत पट्टी काळी दोन लिहिलीय, आणि रेकॉर्डिंग वाजतंय अर्ध्या सुरानं वर, पांढरी तीनमध्ये. लयसुद्धा चढी आहे. रेडिओसाठी रेकॉर्डिंग तुम्हीच केलं होतंत ना? मुलांनी खरं कुठलं धरायचं?”

“पाचला येऊन सांगतो,” म्हणालो नि फोन ठेवला. चाळीस वर्षं मी हेच करतोय, उत्तर पुढे ढकलतोय.

पंखा घरघरतो. घरघर हळूहळू लांब जाते आणि समोरच्या स्टुलावर मास्तर बसलेले असतात, मांडीवर पेटी घेऊन. मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी मी खुर्चीच्या हातावरचे पाय खाली घेतो.

“दिगू, जरा सूर ऐक.” ते काळी दोन दाबतात. आवाज येतो पांढरी तीनचा.

“चढी आहे पेटी, मास्तर.”

“असणारच. मिरजेला नेऊन सगळे सूर अर्ध्यानं चढवून आणले. रेडिओवर ऐकलं तेव्हा पेटीशी जुळेना. तुला विचारलं, तू म्हणालास, पेटी उतरली असेल.”

म्हणालो होतो. अहो, म्हणालो होतो! तेव्हा दुसरं काय सुचणार होतं मला? वाजवून झालं ते चार मिनिटं चौदा सेकंद, आणि कार्यक्रमात जागा बरोबर चार मिनिटांची. वादक घरी गेलेले. बत्तीस जणांना पुन्हा बोलवा म्हटलं असतं तर साहेबांनी मलाच घरी पाठवलं असतं. मी टेपच्या मशीनचा वेग जरासा वाढवला. चौदा सेकंद गेले, सूर अर्ध्यानं वर गेला, आणि ते संथ, दबकं धुकं चक्क पळायला लागलं. लोक म्हणाले, वा, काय उत्साह आहे!

माझ्या खोलीची भिंत आता काचेची आहे. पलीकडे स्टुडिओ. बत्तीस वादक बसलेत, व्हायोलिनवाल्यांचे गज हवेत उचललेले. त्यांच्या खुर्च्यांखाली ओलं गवत आहे आणि गवतावरून धुकं सरकतंय.

“आणि लयीचं काय म्हणाला होतास?” मास्तर विचारतात.

“आठवत नाही.”

“मला आठवतं. ‘मास्तर, तुमचा हात पळाला असेल.’”

मी उठतो, दार उघडतो. बाहेर माझं स्वयंपाकघर, आणि ओट्यापाशी तेच बत्तीस जण, गज तसेच वर. त्यांचे दंड थरथरायला लागलेत. कोणी खाली घेत नाही.

“हे का थांबलेत?”

“मी हात उचलेपर्यंत थांबणारच ते. आणि तू सांगितल्याशिवाय मी उचलू कसा? तेव्हापासून उचललेला नाही.”

खरंच उचलला नव्हता. त्या रेकॉर्डिंगनंतर मास्तर कधीच वाद्यवृंदासमोर उभे राहिले नाहीत. मी सगळ्यांना सांगत फिरलो, वय झालं. कसलं डोंबलाचं वय! पंचेचाळीसचे होते.

“आता कशाला, मास्तर? लोकांना ते तसंच आवडतं.”

“लोकांचं सोड. माझा हात पळाला होता का?”

मास्तर माझं डावं मनगट धरतात. बोटं रुतवतात आणि अंगठ्यानं ठोके देतात.

“मोज.”

“एक… दोन, तीन…”

“घाई नको. घाटात धुकं उतरलं की माणूस पाऊल चाचपून टाकतो. पुन्हा.”

“एक…” दोनपर्यंत इतकी जागा आहे की मला भीती वाटते. गज थरथरतात. “दोन…” कोणाच्या तरी गजातून काळी दोन नुसती घासली जाते, मूळची, न चढवलेली. मला रडू येतं.

“नाही, मास्तर. तुमचा हात नव्हता पळाला. मशीन मी पळवलं.”

मास्तर मनगट सोडतात आणि उजवा हात वर उचलतात.

खुर्चीत जागा होतो. तीन चाळीस. मनगट ठणकतंय. त्यावर चार नखांचे ठसे आहेत, एकात रक्ताचा ठिपका. माझी नखं मी कालच कापलीत.

तशाच हातानं फोन लावतो.

“सुलक्षणा, काळी दोनच खरी. लय मी तुला मोजून दाखवतो. आणि ऐक, तुझ्या बाबांचा हात पळाला नव्हता. मशीन मी पळवलं होतं, आणि वर त्यांच्याशी खोटं बोललो.”

तिनं शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघतो.

“पाचला या, आणि हे मुलांसमोर सांगा,” ती शेवटी म्हणते. फोन ठेवेल असं वाटतं, पण ठेवत नाही. “काका, बाबा शेवटच्या दुखण्यातसुद्धा उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून बसायचे. आम्हाला वाटलं, थरथरत असेल. डॉक्टरांनी तपासला. म्हणाले, या हाताला काहीच झालेलं नाही.”