मास्तरीणबाईंच्या बाजूचा स्क्रीन

"काही नाही, असंच." हे उत्तर ज्याने पहिल्यांदा दिलं, त्याला एकदा बहिऱ्या माणसांच्या ताब्यात द्यायला हवं. जेवणाच्या टेबलावर सगळे पोट धरधरून हसतात, आपण काय झालं म्हणून विचारतो, आणि समोरचा हात झटकून हे तोंडावर फेकतो. मास्तरीणबाईंचे कान गेल्यापासून घरात दोन्ही वेळा त्यांच्या पानात हेच वाढलं जात होतं. ओठांवरून दुसरं काही धड कळत नसे, हे मात्र अचूक कळे.

मास्तरीण ही पदवी गल्लीने दिलेली. शिवणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, मग भल्याभल्या मास्तरांनी बिघडवलेले कोट उसवून ठाकठीक करणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? नवरा लवकर गेला, मुलगा वाढला तो खिडकीजवळच्या शिलाई मशीनवर. कान गेले तरी हात कुठे गेले होते? पण गिऱ्हाईक आटत आटत बंदच झालं. "लोक तयार कपडे घेतात आता," असं मुलाने पाठकोऱ्या कागदावर लिहून दाखवलं. बाईंनी ते मनाला लावून घेतलं. आपलीच बेतणी जुनाट झाली असणार, असं म्हणत त्यांनी मशीनवर चादर घातली. थोड्याच दिवसांत त्या चादरीवर मुलाच्या फायली आल्या.

सून बोलायला कमी आणि करायला खमकी. नवरा-बायको दोघंही ऑफिसचं काम घरूनच करत, तो आतल्या खोलीत, ती बाहेर दाराशेजारच्या टेबलावर. लॅपटॉपच्या टीचभर स्क्रीनवर डोळे फुटायची वेळ आली तेव्हा तिने मोठा मॉनिटर आणून जोडला. जोडल्यावर तिच्या लक्षात आलं की दोन्हीकडे एकच चित्र हवं असं काही नाही, लॅपटॉपवर आपलं काम ठेवून मॉनिटरवर वेगळंच काही दाखवता येतं. तिने बोललेलं लिहून काढणारा प्रोग्रॅम चालू केला, अक्षरं अंगठ्याएवढी केली, ती चौकट ओढत ओढत लॅपटॉपच्या कडेपलीकडे मॉनिटरवर नेली आणि मॉनिटर सासूच्या खुर्चीकडे वळवला.

"आई, वाचता येतंय का?" स्क्रीनवर उमटलं.

"अगंबाई! येतंय की!" मास्तरीणबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मुलगा आतून धावत आला.

"एवढा मोठा स्क्रीन आईसाठी अडकवून ठेवायचा?" तो बायकोला म्हणाला.

तेही उमटलं. बाईंनी वाचून त्याच्याकडे मान वळवली. "का रे, तुला काय झालं?"

"काही नाही, असंच." तेही उमटलं.

सुनेने ऐकलं नाही. त्या दिवसापासून बाई तिच्या टेबलाच्या पलीकडे बसू लागल्या आणि घरात कोण काय बोलतं ते वाचू लागल्या. बरंचसं वाचण्याजोगं नव्हतं, पण ते ठरवायला आता त्या मोकळ्या होत्या.

एका दुपारी सून स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. बाई मुलाच्या शर्टाला बटण लावत बसल्या होत्या. मुलगा बाहेर येऊन दाराकडे गेला आणि दार अर्धवट उघडून उभा राहिला. स्क्रीनवर अक्षरं आली.

"मास्तरीणबाई आहेत ना? हा कोट फक्त त्यांच्याच हातून हवाय."

"आई आता काम घेत नाही. झेपत नाही तिला."

"गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणालात."

सुई बाईंच्या बोटात रुतली तरी त्यांना कळलं नाही. तयार कपडे घेतात म्हणे लोक! त्या ताडकन उठल्या. "मला झेपत नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

मुलगा गर्रकन वळला, टेबलाशी आला आणि त्याने आधी काय केलं असेल तर मॉनिटरची केबल ओढली. स्क्रीन काळा पडला. जन्मदात्या आईच्या तोंडावर दार आपटावं, तसा.

"लाव," बाई म्हणाल्या. तो काहीतरी पुटपुटला. "ते नाही कळत मला. आधी लाव!"

चहा तसाच टाकून सून आली. तिने नवऱ्याच्या हातातली केबल काढून घेतली आणि मुकाट्याने जोडली.

"बोल आता."

मग आलं, "माझे दिवसभर कॉल असतात, आई. तुझं मशीन खडखडतं. लोक हसतात मला."

बाईंनी ते पुन्हा वाचलं. याच खडखडाटावर ह्याची फी भरली होती, बूट आणले होते. दार सताड उघडून त्यांनी कोटवाल्या बाईंना हाताला धरून आत आणलं आणि स्क्रीनसमोर बसवलं. "इथे बोला. मला वाचता येतं."

त्या बाई अवघडल्या, मग बोलल्या. "आम्हाला वाटलं, तुम्ही अंथरूण धरलंत. गल्लीत सगळ्यांना तसंच वाटतंय."

मास्तरीणबाईंनी फायली उचलून मुलाच्या हातात दिल्या, चादर ओढून काढली आणि मशीनला तेल घातलं. चारच्या सुमारास मुलाची मोठी मीटिंग सुरू झाली तेव्हा कोटाची बाही मशीनवर चढली होती. आतून त्याच्या हाका येत होत्या, "आई! अगं आई, थांब ना जरा!"

सुनेने मॉनिटर स्वतःकडे वळवून घेतला होता.