हरकत नसावी

संस्थेत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. अगदी तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता, उलट आतून जरा बरंच वाटायचं. लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी, बाहेर शिकून आलेले प्राध्यापक, माजी सचिव अशी वजनदार मंडळी देशाच्या सुरक्षेवर जाडजूड अहवाल लिहीत, आणि ते मंत्रालयात जाण्याआधी हिच्या टेबलावर येत. थिंक टँकमध्ये नोकरी लागली असं तिनं घरी सांगितलं, तेव्हा पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या नवऱ्यानं टाकी किती लिटरची म्हणून विचारलं होतं. सरकारला सल्ला देणारी संस्था, हे कळल्यावर म्हणाला, "मग गळती असणारच."

तिचं काम गळती बंद करायचं. अख्ख्या अहवालाचं एक पान करायचं. संचालकांचा तो लाडका सिद्धांत होता. मंत्र्याला एकच पान वाचायला सवड असते, दुसरं पान उलटतो तो मंत्री नसतो, त्याचा कारकून असतो. आणि पानावर 'असावं', 'वाटतं', 'म्हणतात' असलं काही दिसलं की ते कपाळाला आठ्या घालत. "बाई, आपण सल्ला देतो. कुजबुज करत नाही."

सरहद्दीवरच्या पुलाचा अहवाल आला तेव्हा तिनं असंच केलं. एक नवी संशोधक महिनाभर तिकडं फिरून आली होती. 'चौकी सातच्या पुलावरून रहदारीच्या आडून शस्त्रं येत असावीत,' असं तिनं लिहिलं होतं. पान जवळजवळ जमलं होतं, फक्त शेवटचा एक शब्द दुसऱ्या पानावर पडला होता. एकटाच, लोंबकळत. कात्रीबाईनं वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, 'येत असावीत'चं 'येतात' केलं, आणि तो शब्द सुळकन वर आला. तिनं हात झटकले. चहा प्यायली.

दोन आठवड्यांत सरकारचा आदेश निघाला. त्यात तिचं वाक्य जसंच्या तसं होतं. आपलं वाक्य सरकारच्या तोंडी जाणं, संस्थेत याहून मोठा मान नव्हता. संचालक स्वतः आदेशाची प्रत घेऊन टेबलापाशी आले, सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.  नंतर बेसिनपाशी ती नवी संशोधक कात्रीबाईला हळूच म्हणाली, की मी 'असावीत' म्हटलं होतं हो. पण तीही पुढं काही बोलली नाही. तिचं पहिलंच वाक्य आदेशात गेलं होतं.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. फळ्यांचा पूल बंद केला म्हणाली. आडवं लोखंड टाकलंय, पास दाखवला तरी सोडत नाहीत. ताईची लेक पुलापलीकडं दिलेली. बाळंत होऊन महिना झाला होता, पलीकडच्या दवाखान्यात नर्सच्या कामावर पुन्हा रुजू व्हायचं होतं, आणि बाळाला सांभाळायला ताई रोज सकाळी पूल ओलांडून जाणार, असं सगळं ठरलेलं होतं. ताईला तो फळ्यांचा पूल. चौकी सात हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता. कात्रीबाईला मात्र आता कळलं, फळ्यांचा पूल म्हणजेच चौकी सातचा.

"तू मोठ्या लोकांत असतेस," ताई म्हणाली. "कुणाच्या तरी कानावर घाल."

दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडं गेली. एक शब्द माझ्याकडून जास्त कापला गेला, दुरुस्ती पाठवूया म्हणाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. पण एकदा दुरुस्ती गेली की पुढचं पान कोण उघडणार, असं त्यांनी उलट विचारलं. शिवाय मूळ अहवालात 'असावीत' आहेच की, ज्याला पाहायचंय तो पाहील. कुणी पाहणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेव्हापासून तिचा हात जड झाला. कुणाचंही 'असावं' दिसलं की ती ते देवघरातल्या वस्तूसारखं सांभाळून बाजूला ठेवी आणि कापायचं तर दुसरंच काही कापी. एकदा तर पान बसवायला तिनं संचालकांच्या नावापुढच्या पदव्याच उडवल्या. ताईचे फोन येतच होते. नात बसायला लागली, रांगायला लागली, हे ती फोनवरच्या फोटोवरून सांगे, आणि हळूच विचारी, काही झालं का गं?

मग मंत्रालयानंच विचारणा केली, बंदीचा आढावा द्या. तीच संशोधक पुन्हा जाऊन आली. या खेपेला तिनं जपून लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं, 'रहिवाशांसाठी पूल खुला करण्यास हरकत नसावी.'

संचालकांनी पेन्सिलीचं टोक 'नसावी'वर टेकवलं. "हे 'नाही' करायचं ना, बाई?"

"राहू दे, सर," ती म्हणाली. "जिनं पाहिलंय तिला तेवढंच म्हणायचंय."

पान गेलं. आदेश आला. वाक्य जसंच्या तसं. ती त्या दिवशी पहिल्यांदाच नीट जेवली.

ताईचा फोन पुलावरूनच आला. मागं वारा आणि माणसांचा गलका. शिपाई सोडत नाही म्हणाली. त्याच्या हातात कागद आहे, पण तो म्हणतो, मावशी, 'हरकत नाही' असं असतं तर आत्ता लोखंड उचललं असतं. 'नसावी' लिहिलंय, म्हणजे साहेबांनाच नक्की नाही. मी सोडलं आणि उद्या काही झालं तर?

"तू भाषेतली आहेस ना," ताई म्हणाली. "नसावी म्हणजे काय गं? त्याला सांग बरं."

फोन शिपायाकडं गेला. हरकत नाही असंच वाचा, असं तिनं त्याला सांगितलं. दोनदा सांगितलं. आवाजावरून तो पोरगेलाच वाटत होता, अदबीनं बोलत होता. तुम्ही म्हणता ते खरं असेल बाई, पण तसं लिहून येऊ दे, म्हणाला. लिहून येण्यासाठी दुरुस्ती पाठवावी लागली असती.

फोन परत ताईकडं आला.

"जाऊ दे," ताई म्हणाली. "एवढ्या मोठ्या लोकांपुढं तू तरी काय करशील. तुझा काय दोष?"

 ताईनं तिकडं कुणाला तरी हाक मारली असावी, मग पुन्हा फोन कानाला लावला.

"पलीकडच्या टोकाला उभ्या आहेत गं दोघी. इथून दिसतात. पोर हात हलवतेय बघ." ताई म्हणाली. "मला ओळखत असावी."