दहाच्या जागी पंचवीसचा फ्यूज

श्री. बाळाराम भोईर यांची आणि माझी पहिली भेट सातिवलीच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये झाली. तेव्हा माझ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि वडिलांच्या जुन्या मोटरसायकलची अख्खी वायरिंग त्या पिशवीत होती. वडील गेल्यावर गाडी आमच्या विरारच्या सोसायटीत तीन-चार वर्षं नुसती उभी राहिली. उंदरांनी वायरी कुरतडल्या, मी त्या ओढून काढल्या आणि नव्या टाकून मिळतात का विचारायला गेले. शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे वीज आपल्याला कळते, असा माझा भलताच समज होता. भोईरकाकांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "बाई, फ्यूज कशाला असतो?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. उपकरणाचं संरक्षण करण्यासाठी.

"उपकरन गेलं तर जाऊ द्या," काका म्हणाले. "बल्ब दुसरा येतो. वायर वाचली पायजे. वायर पेटली की गाडी पेटते."

मग त्यांनी माझ्याच पिशवीतली सगळ्यात बारीक वायर घेतली, भंगारातले पाच-सहा हेडलाइटचे बल्ब एकत्र जोडले आणि मध्ये माझ्या गाडीचा मूळचा काचेचा फ्यूज लावला, पस्तीस अँपिअरचा. बल्ब लागले. मिनिटभरात वायरीतून धूर निघाला, प्लॅस्टिक वितळून टेबलावर गळलं, आणि फ्यूज जसाच्या तसा, ढिम्म. मग दुसरी तेवढीच बारीक वायर घेऊन त्यांनी दहाचा फ्यूज लावला. तो टक करून गेला आणि वायर गारच राहिली. वीस वर्षं मी हा धडा शिकवत होते, आणि तो मला त्या दिवशी कळला.

इथपर्यंतचा मजकूर संपादक मंडळाला आवडेल. "लेख प्रसन्न असावा, जुने वाद टाळावेत," असं पत्र मला आलं आहे. वाद टाळा म्हणे. काकांच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका आपलं जुन्या मोटरसायकलींचं मंडळ काढतं आहे, आणि याच मंडळाने तीन वर्षांपूर्वी काकांच्या नावाला डाग लावला. भोईरांच्या वायरिंगने गाडी पेटली, असं आपण म्हटलं, लिहून ठेवलं आणि गावभर होऊ दिलं. तो डाग अजून तिथेच आहे. त्याच्यावर शाल पांघरून फोटो काढायचे असतील तर काढा, पण माझ्याकडून प्रसन्न लेख मिळणार नाही.

आधी काकांच्या कामाविषयी सांगते, कारण ते नीट कळल्याशिवाय आपण काय केलं ते कळणार नाही.

जुन्या गाडीत बहुतेक वेळा सगळ्या गाडीला मिळून एकच फ्यूज असतो. काका तो कधीच तसा ठेवत नाहीत. ते आधी कागदावर प्रत्येक दिव्याचे आणि हॉर्नचे वॅट मांडतात, बॅटरीच्या व्होल्टने भागतात, आलेल्या अँपिअरवर पाव हिस्सा वाढवतात आणि मग तेवढं ती वायर सोसेल का ते बघतात. वायर सोसणार नसेल तर वायर जाड घालायची, फ्यूज मोठा करायचा नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरावर एक मुख्य फ्यूज, पुढे हेडलाइटचा वेगळा, हॉर्न आणि ब्रेकलाइटचा वेगळा, आणि इंजिनाच्या ठिणगीचा अगदी स्वतंत्र. आपल्याकडच्या खाडीच्या खाऱ्या हवेत काचेच्या फ्यूजच्या टोप्यांना गंज चढतो, म्हणून हल्ली ते मोटारीत असतात तसले पात्याचे (ब्लेड) फ्यूज बसवतात आणि सीटखाली पत्र्याच्या पट्टीवर कुठे किती अँपिअर ते रंगाने लिहितात. फ्यूज गेला म्हणून कोणी दुसरा मागायला आला तर ते देत नाहीत. "का गेला, ते आधी सांगा," म्हणतात, आणि मालकाला स्टुलावर बसवून त्याच्याकडूनच दोष शोधून घेतात. आपल्यातल्या मोठमोठ्या साहेबांना त्यांनी असं दोन-दोन तास बसवलं आहे, आणि त्याचाच राग पुष्कळांच्या पोटात होता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

या पद्धतीने माझा जीव वाचवला आहे. हायवेवर दोन कंटेनरच्या मध्ये असताना माझ्या हॉर्नची वायर घासून चेसीला टेकली. हॉर्नचा फ्यूज गेला, हॉर्न मुका झाला, पण इंजिनाचा फ्यूज वेगळा असल्यामुळे गाडी चालत राहिली आणि मी कडेला येऊ शकले. एकच फ्यूज असता तर गाडी तिथेच बंद पडली असती आणि मागचा कंटेनर थांबला नसता. मी पेढे घेऊन गेले. काकांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "वायर घासली कशी ते बगू आदी." मग मला दीड तास स्टुलावर बसवलं. जाताना काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. पुढे माझ्या मोटारीसाठीसुद्धा त्यांनी जादा फ्यूजची एक डबी भरून दिली. प्रत्येक फ्यूजवर निळ्या रंगाचा ठिपका दिला, म्हणजे ते मोटरसायकलच्या फ्यूजमध्ये मिसळू नयेत. एवढी काळजी माझ्या सख्ख्या भावाने कधी घेतली नाही.

आता चिंचोटीच्या आगीचं.

श्रावणातल्या त्या रविवारी आपण पंधरा-सोळा गाड्या घेऊन कामणच्या रस्त्याने निघालो होतो. आपले अध्यक्ष श्री. दळवी यांच्या गाडीची वायरिंग काकांनी वर्षभरापूर्वी केली होती आणि ती उत्तम चालली होती. पण दळवींना मिरवायचं होतं. सहलीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी एका दुकानातून भला थोरला हॅलोजन आणि दोन भोंगे बसवून आणले, आणि त्या दुकानदाराने ते सगळं हेडलाइटच्याच वायरीला जोडलं. काकांनी त्यांना आधीच सांगितलं होतं की असा दिवा लावायचा तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर लागेल, जादा प्रवाह पेलणारा वेगळा स्विच, म्हणजे रिले लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. दोन दिवस! दळवींना तेवढा दम कुठला.

आभाळ भरून आलं होतं म्हणून सगळ्यांनी दिवे लावले. दळवींचा दहाचा फ्यूज गेला. त्यांनी दुसरा लावला, तोही गेला. तिसराही गेला. सगळे थांबून कंटाळले होते, कुणी तरी "मंडळाचा अध्यक्षच अंधारात" म्हणून चेष्टा केली, आणि दळवी तापले. "काकांचे फ्यूजच हलके," ते म्हणाले. "जरा दमदार आहे का कुणाकडे? अपग्रेड करून टाकू." मोठा फ्यूज म्हणजे चांगला फ्यूज, हे आपल्या या छंदातलं सगळ्यात मोठं खूळ आहे. टायर मोठा, दिवा मोठा, भोंगा मोठा, मग फ्यूज का नको?

कुणीतरी पंचवीसचा फ्यूज पुढे केला आणि तो दहाच्या जागी बसला. हॅलोजन लखलखला, टाळ्या पडल्या. चार-पाच किलोमीटरवर टाकीखालून धूर आला, आणि दळवींनी गाडी टाकून उडी मारेपर्यंत ती पेटली होती. त्यांची पोटरी भाजली. पुढचा अर्धा भाग जळला, पण माती टाकून आग विझवल्यामुळे सीटखालचा फ्यूजबॉक्स शाबूत राहिला.

दुसऱ्या दिवशी गाडी टेंपोतून काकांकडे नेली. बरोबर मी होते. काकांनी पहिल्यांदा सीट काढली, फ्यूजबॉक्स उघडला आणि तो पंचवीसचा फ्यूज हातात घेतला. "बाई, हा कुटून आला?" त्यांनी विचारलं.

"दळवींनी लावला असेल," मी म्हणाले.

काकांनी तो उजेडात धरला. त्याच्यावर निळा ठिपका होता. मला दिसला, त्यांनाही दिसला. त्यांनी अंगठ्याने तो ठिपका एकदा पुसून पाहिला, फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "असंल."

होय, तो फ्यूज मी दिला होता. माझ्या पर्समधल्या डबीतला, मोटारीचा. वायर आणि फ्यूज यांचं नातं ज्या माणसाने मला धूर काढून दाखवलं, त्याच्या केलेल्या वायरिंगमध्ये मी, विज्ञानाच्या बाईने, दहाच्या जागी पंचवीस दिला. का? तर सगळे थांबले होते, दळवी तापले होते आणि माझ्याकडे उपाय आहे हे दाखवायची मला हौस आली. "तात्पुरता लावा," असंही मी म्हणाले होते. फ्यूजला तात्पुरतं काही कळत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

आठवड्याने मंडळाची सभा झाली आणि काकांना बोलावून घेण्यात आलं. तिथे कोण काय बोललं ते मला सगळं आठवतं. "काका, वय झालं आता तुमचं." "हात थरथरतो, नजर कमी झाली." "माणूस मेला असता म्हणजे?" ज्यांच्या गाड्या काकांनी उभ्या केल्या तेच हे बोलत होते. दळवींना पंचवीसचा फ्यूज आठवत होता, मला आठवत होता, टाळ्या वाजवणाऱ्या पाच-सहा जणांना आठवत होता. सगळे मूग गिळून बसलो. काका उभे राहिले. त्यांच्या खिशात तो फ्यूज होता, हे मी शपथेवर सांगते, कारण बोलण्यापूर्वी त्यांचा हात खिशाशी गेला होता आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. तो टेबलावर ठेवला असता तर पाच मिनिटांत ते सुटले असते आणि मी अडकले असते. त्यांनी हात खाली घेतला. "वायरिंग माजी हाय," ते म्हणाले. "माज्या नावावर लिवा." आणि निघून गेले.

मंडळाची सहसचिव त्या वेळी मी होते. "वायरिंगमधील दोषामुळे आग लागली," हे वाक्य इतिवृत्तात माझ्या अक्षरात आहे. अक्षर सुरेख आहे, शाळेत त्याचं कौतुक व्हायचं.

त्यानंतर आपल्यातल्या एकानेही काकांकडे गाडी नेली नाही. अर्धवट काम झालेल्या दोन गाड्या तर लोक वायरी लोंबकळत असताना उचलून घेऊन गेले. ज्या बाकावर जुन्या मोटरसायकलींचे नकाशे पसरलेले असत, तिथे काका तीन वर्षं भातशेतीच्या पंपांचे स्टार्टर दुरुस्त करत आहेत. मध्ये एकदा काकूंनी मला विचारलं, "बाई, तुमच्या मंडलानं यांच्या हातचं काम का काढून घेतलं?" मी चहा संपवून निघून आले. मला माझी एवढी चीड आयुष्यात कधी आली नव्हती.

आणि आता सत्कार. कुणा पुढाऱ्याच्या हस्ते व्हायचा म्हणून अध्यक्षांना काका एकदम "आपल्या भागाचं भूषण" वाटू लागले. मला तुमचा राग येतो, दळवी. टाळ्या वाजवणाऱ्यांचा येतो. स्वतःचा तर इतका येतो की आरशासमोर उभी राहत नाही. आणि खरं सांगायचं तर काकांचाही येतो. कुणी सांगितलं होतं त्यांना मला वाचवायला? माझी लाज झाकायला स्वतःचं पन्नास वर्षांचं नाव देऊन टाकायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांना वाचून दाखवला. काका शेवटपर्यंत ऐकत होते, हातातला स्टार्टर खाली न ठेवता. मग म्हणाले, "दळवींचं नाव काढा. तुमचं पन काढा. फ्यूजचा हिशोब ऱ्हाऊ द्या, तो कुनाला तरी कामाला येईल."

मी म्हणाले, "काका, मी तुमच्याशी खोटं बोलले होते."

"ठावं हाय मला," ते म्हणाले, आणि मला बसायला स्टूल पुढे केलं.

मी दोन्हीतलं काही काढलेलं नाही. संपादकांनी हा लेख कापला तर मी याच्या प्रती काढून सभागृहाच्या दारात उभी राहीन. तत्कालीन सहसचिव या नात्याने मी इथे लेखी नोंदवते की, त्या इतिवृत्तातलं ते वाक्य खोटं आहे. आग श्री. भोईर यांच्या वायरिंगमुळे लागली नाही, ती मी दिलेल्या फ्यूजमुळे लागली. अध्यक्षांनी शाल घालण्याआधी हे माइकवरून वाचून दाखवावं. त्यांना जमलं नाही तर मी वाचेन.

भोईरकाकांना पंचाहत्तरी पूर्ण झाल्याबद्दल माझा साष्टांग नमस्कार. त्यांची नजर अजून माझ्यापेक्षा तेज आहे, हात स्थिर आहे, आणि तो तसाच राहो. त्यांना आणि काकूंना पुष्कळ वर्षं लाभोत, निरोगी, कुणाच्या आधाराशिवाय हिंडण्याफिरण्याची. माझी एकच मागणी आहे. तीन वर्षांत त्यांनी मला एका शब्दाने दुखावलेलं नाही, आणि ते मला सोसवत नाही. त्या पुष्कळ वर्षांतला एखादा दिवस काढून त्यांनी माझ्यावर एकदा चांगलं कडाडून रागवावं.