धूप

उधाणाने आमच्या वाडीतली किनाऱ्यालगतची घरं नेली, तेव्हा वाडी नव्याने वसवायची जबाबदारी मी अंगावर घेतली. पात्रता एवढीच, की मला ओरोसच्या कचेरीतलं मराठी बोलता येत होतं. सभेत मी म्हणालो, "दगडी बंधारा नको. केवडा लावू, वाळू धरून ठेवू, धूप थांबवू."

मासे विकणारी आमची काकी उसळली. "धूप थांबवतलंस? मगे देवाक काय दाखवतलंस, तुझा तोंड?"

जमीन झिजते त्यालाही धूप म्हणतात, हे समजावताना माझं पुरतं हसं झालं. पण काकीने ऐकलं. मुलगा कसालला बोलवत होता, तरी माझ्या शब्दावर ती राहिली. थोडं मागे सरकून मातीचं घर बांधलं, पुढे केवड्याच्या तीन रांगा लावल्या.

दुसऱ्या पावसाळ्यात समुद्राने त्या रांगा नेल्या, मग अंगण, मग पुढची भिंत. सामान टेम्पोत चढल्यावर काकीने उरलेल्या उंबऱ्यावर धुपाटणं ठेवलं.

"तुझी धूप काय थांबली नाय रे," ती म्हणाली. "माझो धूप तरी लावन जातंय."

धूर डोळ्यांत गेल्यासारखं करून मी डोळे पुसले. वारा उलट्या दिशेला होता.